चारशे बारा साळुंक्यांचा कायदा

एका राज्यात दया होती, पण ती पेटीत होती.

पेटी चंदनाची, कडी सोन्याची, आणि आत एक लहानशी मुद्रा. बंदिवानाच्या नावावर ती मुद्रा उमटली की बंदिशाळेचे दार आपोआप उघडे, बेड्या गळून पडत, आणि पहारेकरी बाजूला सरून उभा राही. सात पिढ्यांपूर्वीच्या राजाने ती कर्दम नावाच्या मांत्रिकाकडून मागून आणली होती. मागताना तो म्हणाला होता, "दया करण्याचा अधिकार माझ्या एकट्याच्या हाती असावा." मांत्रिक म्हणाला होता, "तथास्तु." तेव्हापासून दर मुद्रेमागे ती उमटवणाऱ्या राजाच्या उजव्या हाताचे एक बोट दगडाचे होई.

म्हणून त्या राज्यातले राजे जपून दयाळू असत. आताचा राजा पद्मकेतू, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे दगडाची झाली होती. पहिले बोट एका सरदाराच्या भाच्यासाठी गेले. दुसरे एका आचाऱ्यासाठी गेले, कारण त्याच्या हातचे अनारसे राजाला फार आवडत. उरलेली बोटे राजा मखमलीत गुंडाळून ठेवी.

त्या राज्यात दयेचा अर्ज लिहून देण्याची चाल नव्हती. लिहिणारे लोक दुसऱ्याचे दुःख आपल्या शब्दांत सजवतात, म्हणून कुणा शहाण्या पूर्वजाने नियम केला होता, की अर्ज ज्याचा त्याच्या आवाजात ऐकावा. बंदिवानाला एक साळुंकी मिळे. तो तिला आपला अर्ज शिकवी. अर्ज पाठ झाला की तिचा पिंजरा अर्जशाळेत टांगला जाई, आणि सात वृद्धांची सभा रोज दुपारी तिथे बसून अर्ज ऐके.

नियम चांगला होता. एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. सगळ्या साळुंक्या एकाच दालनात टांगल्या होत्या. साळुंकी एकदा शिकवलेले बोलते खरे, पण जे रोज कानावर पडते तेच तिच्या जिभेवर राहते. आणि त्या दालनात रोज एकच गोष्ट घडे. वृद्ध येत, लोडाला टेकत, पानाचा डबा फिरे, एखादा अर्ज अर्धामुर्धा ऐकून होई, आणि सर्वांत वडील अमात्य सोमदत्त म्हणत, "विचाराधीन आहे." मग सभा उठे.

अशी वर्षे गेली. चारशे बारा पिंजरे झाले. चारशे बारा साळुंक्या एका सुरात म्हणू लागल्या, "विचाराधीन आहे, विचाराधीन आहे." वृद्धांना वाटले, आता पाखरांनाही आपले म्हणणे पटले.

त्याच राज्यात नदीच्या घाटावर गोमती नावाची नावाडीण होती. तिच्या नावेत बारा माणसे मावत. जत्रेच्या दिवशी एकोणीस चढली. कुणाच्या कडेवर मूल होते, कुणाच्या हातात नैवेद्य होता, आणि गोमतीला कुणालाच नाही म्हणवले नाही. मधल्या धारेत नाव कलंडली. सोळा वाचले, तिघे बुडाले. न्यायसभेत गोमतीने काही लपवले नाही. तिला जन्मभराची बंदी झाली. तिची मुलगी शलाका तेव्हा पाच वर्षांची होती.

दोन वर्षांनी गोमतीचा नवरा आजारी पडला. त्या राज्यात बंदिवानाला घरच्या आजारपणासाठी सात दिवसांची रजा मिळे. जाताना आपली सावली बंदिशाळेच्या खुंटीला अडकवून जावे लागे. सावलीवाचून कुणी आठवा दिवस काढू शकत नाही, म्हणून माणूस परत येईच. गोमतीने रजा मागितली. हुकूम आला तेव्हा नवऱ्याला जाऊन चार वर्षे झाली होती. हुकुमात लिहिले होते, "आजारी पतीस भेटण्यास, दिवस सात."

गोमतीने सावली खुंटीला अडकवली आणि ती गेली. सातही दिवस ती घाटावर, जिथे त्याला जाळले त्या जागी, लेकीला जवळ घेऊन बसली. भर उन्हात सगळ्या जगाला सावली होती, आईला नव्हती, हे शलाकेने तेव्हा पाहिले आणि ती ते विसरली नाही. आठव्या दिवशी गोमती परतली. ओलीने तिच्या सावलीला एका कडेने बुरशी आली होती. तिने ती झटकली आणि तशीच अंगाला लावून घेतली. तिला खोकला लागला तो तेव्हापासून.

शलाका वाढली, राजधानीच्या विद्यापीठात न्यायशास्त्र शिकली, आणि एकविसाव्या वर्षी अर्जशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या आईचा अर्ज कुठवर आला?"

सोमदत्तांनी पानाला चुना लावता लावता वर पाहिले. "कुणाच्या आईचा?"

"गोमती नावाडणीचा. सोळा वर्षांपूर्वीचा."

"विचाराधीन आहे."

"विचाराधीन आहे," छताकडून चारशे बारा साळुंक्या म्हणाल्या.

"कोणता विचार चालला आहे, आजोबा?"

"पोरी, विचाराला घाई चालत नाही. आमचे केस उगीच पांढरे झाले नाहीत."

"केस पांढरे व्हायला विचार कशाला लागतो? नुसते बसून राहिले तरी होतात."

एका वृद्धाला हसू आले. त्याने ते खोकल्यात लपवले. शलाका म्हणाली, "तिची साळुंकी कोणती, तेवढे तरी दाखवा."

वृद्ध वर पाहू लागले. कुणालाच सांगता येईना. शेवटी शलाकाच एकेका पिंजऱ्याखालून फिरली. तिसऱ्या रांगेत एका साळुंकीच्या पायात नावेच्या दोराचा धागा होता. आईच्या हातची गाठ तिने ओळखली.

"बोल," शलाका म्हणाली.

"विचाराधीन आहे," साळुंकी म्हणाली. आवाज आईचा नव्हता. आवाज सोमदत्तांचा होता.

शलाका तिथून थेट दरबारात गेली. राजाने तिचे ऐकले आणि हातावरची मखमल सोडून दाखवली. "मुली, माझ्याजवळ तीन बोटे उरली आहेत. बंदिशाळेत चारशेंच्या वर माणसे आहेत. तूच सांग, कुणावर दया करू?"

"बोटांवर मोजायची दया मी मागत नाही, महाराज. कायदा मागते. अर्ज किती दिवसांत ऐकायचा, रजा कधी द्यायची, नाही म्हटले तर का म्हटले, हे लिहून ठेवणारा."

"मुद्रेवर शाप आहे. तिच्यापुढे कायदा चालत नाही. शाप उतरव. मग कायदा सभेत मांडायला मी तुला उभी करीन."

"शब्द?"

"शब्द," राजा म्हणाला. दोराच्या धाग्याची साळुंकी त्याने तिच्यासोबत जाऊ दिली.

राज्याच्या सीमेवर खाऱ्या पाण्याची दलदल होती. तिच्यात एक बगळा उभा होता. शलाकेने विचारले, "कर्दम मांत्रिकाचे घर कोणत्या वाटेला?"

बगळा म्हणाला, "येणारा प्रत्येक जण वाट विचारतो. तू इथे का उभा, असे मला कुणी विचारत नाही."

"बरे, सांगा. तुम्ही इथे का उभे?"

"मी पूर्वी न्यायाधीश होतो. एका माणसाला वीस वर्षांची शिक्षा दिली आणि नंतर त्याच्याकडे एकदाही वळून पाहिले नाही. आता मान वळतच नाही." तो समोरच पाहत होता. "वाट माझ्या पाठीमागे आहे. ती मला दिसत नाही, पण आहे."

शलाका त्याच्या पाठीमागच्या वाटेने गेली. मिठाच्या विटांच्या घरात कर्दम ताक घुसळत बसला होता. तिने येण्याचे कारण सांगितले.

"शाप मी दिला नाही," कर्दम म्हणाला. "तुमच्या राजाने मागून घेतला. सगळ्यांची दया एकट्याच्या हाताला पेलत नाही. हात दगडाचा होतो. यात जादू थोडी आहे."

"मग सात पिढ्या हे कुणाला सांगितले का नाही?"

"कुणी विचारले नाही."

"तुम्ही म्हातारे सगळीकडे सारखेच," शलाका म्हणाली.

कर्दमाला राग आला नाही. "तीन कामे कर. बुडालेल्यांच्या तिन्ही घरांचा शब्द आण. पाखरांच्या तोंडून पुसले गेलेले शब्द ज्याचे त्याच्या आवाजात परत आण. आणि ज्या हाताने मुद्रा धरली आहे, त्याच हाताने ती खाली ठेवायला लाव. चौथे एक काम आहे, पण ते मी सांगून उपयोग नाही. ते ज्याला त्याला उशिराच कळते."

"अर्धे सांगायचे आणि गूढ हसायचे," शलाका उठत म्हणाली. "येते मी."

पहिल्या घराला कुलूप होते. गवत उंबऱ्यापर्यंत आले होते. शेजारी म्हणाले, म्हातारा बुडाला त्याच वर्षी सगळे गाव सोडून गेले. कुठे गेले, कुणाला ठाऊक नव्हते. शलाकेने ते कुलूपच त्या घराचा शब्द म्हणून लक्षात ठेवले.

दुसऱ्या घरी तुळसा नावाची बाई होती. तिचा नवरा नावेत होता. ती दारातच म्हणाली, "सोडू नका तिला. माझ्या लेकीचं लग्न बापावाचून झालं. तुझी आई निदान जिवंत आहे."

शलाकेच्या ओठांवर चार उत्तरे आली. तिने एकही दिले नाही. "हे तुम्ही सभेत कधी सांगितलंत?"

"विचारलं कुणी?" तुळसा म्हणाली आणि दार लावून घेतले.

तिसरे घर भिवा कुंभाराचे होते. त्याचा मुलगा गेला होता. भिवा चाकावर बसला होता. त्याने चाक थांबवले नाही.

"गोमतीची लेक तू. डोळे सांगतात."

"होय, भिवाकाका."

"बस. पाणी पी." बराच वेळ चाक फिरत राहिले. मग तो म्हणाला, "पोराला पोहता येत नव्हतं. मीच म्हणायचो, पुढल्या वर्षी शिकवतो. दर वर्षी म्हणायचो." त्याने ओल्या मडक्याची कड बोटाने सारखी केली. "क्षमेचं मला विचारू नको. मला माहीत नाही. पण सोळा वर्षांत राजाचं एखादं माणूस येईल आणि म्हणेल, भिवा, तुझं काय म्हणणं आहे, असं वाटायचं. आज तू आलीस."

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

"तिला घाटावर बसवा. नावेत किती माणसं चढली ते मोजू दे. तिच्याइतकं नीट आता कोण मोजेल?"

शलाका तिथून निघाली तेव्हा तिच्या खांद्यावरची साळुंकी गप्प होती. पहिले काम झाले होते.

दुसरे काम फार लांबले. राजाने अर्जशाळा उघडून दिली. शलाका एकेक पिंजरा बंदिशाळेत नेई आणि ज्याचा त्याच्या कोठडीच्या खिडकीशी टांगी. बंदिवान आपला अर्ज पुन्हा म्हणे. काही साळुंक्यांना एका दिवसात आठवले, काहींना दहा दिवस लागले. सदतीस पिंजऱ्यांचे मालक मरून गेले होते. त्या साळुंक्या तिने रित्या कोठड्यांत ठेवल्या. तिथे विचाराधीन म्हणणारे कुणी नव्हते. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून बोलल्या, मेलेल्या माणसांच्या आवाजात, एकही शब्द न चुकता.

या कामाला आठ महिने लागले. आईची साळुंकी शलाकेने सर्वांत शेवटी ठेवली. ती रोज आईच्या खिडकीवरून जाई. साळुंकी तिच्या खांद्यावर असे. आतून खोकला ऐकू येई.

"आली होय माझी पोर? आज माझी पाळी का गं?"

"थोडं थांब, आई. आधी तुझं केलं तर ते म्हातारे म्हणतील, पोरीनं आपल्या घरचं पाहिलं. मग सगळंच बुडेल."

"नाही गं. बुडायला नको," गोमती म्हणे. "जा तू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "थोडं थांब, आई." शलाका रोज घाईत असे, त्यामुळे रोज तेवढेच बोलणे होई.

आठव्या महिन्यात पाळी आली. गोमतीने खिडकीच्या गजांतून साळुंकीला बोट दिले आणि हळू आवाजात आपला जुना अर्ज म्हटला. साळुंकीने मान वाकडी करून ऐकले. मग ती गोमतीच्या आवाजात बोलली. तो आवाज सोळा वर्षांपूर्वीचा होता, त्यात खोकला नव्हता.

"तिघे माझ्या हातून बुडाले. मी नाकारत नाही. मला सोडा असं म्हणत नाही. मला घाटावर बसवा. नावेत किती माणसं चढली ते मला मोजू द्या. तेराव्याला मी नाही म्हणेन."

शलाका भिंतीला टेकून खाली बसली. भिवा कुंभार चार कोसांवर राहत होता. दोघांचे म्हणणे एकच होते. मधे फक्त एक दालन होते, आणि त्यात सात माणसे पान खात बसली होती.

दुसरे काम झाल्याचे राजाच्या कानी गेले. त्याने शलाकेला बोलावले. पेटी उघडी होती.

"तू फार केलेस," राजा म्हणाला. "तुझ्या आईच्या नावावर मी मुद्रा उमटवतो. आज. बोट गेले तर जाऊ दे."

शलाकेने मुद्रेकडे पाहिले. मग राजाकडे.

"नको, महाराज."

"नको?"

"उद्या सभा म्हणेल, हिला हवे होते ते मिळाले, आता कायदा कशाला. भाच्याला दया झाली, आचाऱ्याला झाली, तशी नावाडणीला झाली असे होईल. माझ्या आईला मेहेरबानी नको. कायद्याने बाहेर येईल ती."

राजाने पेटी मिटली. दरबारातले तरुण शलाकेकडे कौतुकाने पाहू लागले. शलाकेलाही स्वतःचा अभिमान वाटला. ती ताठ मानेने बंदिशाळेत गेली आणि घडले ते आईला सांगितले.

गोमतीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बरं केलंस."

"खरंच ना?"

"मला विचारलं असतंस तरी मी हेच म्हटलं असतं." तिला खोकल्याची उबळ आली. ती गेल्यावर ती म्हणाली, "बहुतेक."

शलाकेने तो शेवटचा शब्द ऐकला, पण तिला कायद्याची कलमे लिहायची होती. "थोडं थांब, आई. आता काही दिवसांचाच प्रश्न आहे."

तिसरे काम राजाच्याच हातचे होते; कायदा झाला की मुद्रा खाली ठेवीन, असे म्हणून त्याने कायदा सभेत येऊ दिला. सोमदत्त म्हणाले, "मसुदा चांगला आहे. छाननीला तीन महिने लागतील."

"तीन दिवसांत वाचून होईल, आजोबा. चौदा पाने आहेत."

"वाचणे वेगळे, छाननी वेगळी. तू अजून लहान आहेस."

"मी लहान होते तेव्हा माझी आई आत गेली. आता मी तेवढी लहान नाही."

तीन महिने ठरले. वृद्धांनी पहिला महिना 'दया' या शब्दाची व्याख्या करण्यात घालवला. दुसऱ्या महिन्यात मुख्य प्रश्न होता, अर्ज ऐकताना बसायचे लोड कुणाचे. शलाका रोज सभेत भांडे आणि रोज खिडकीशी जाऊन आईला एक वाक्य सांगे. साळुंकी खांद्यावर असे.

तिसऱ्या महिन्यात गोमती आजारी पडली. शलाकेने वैद्याकडे नेण्यासाठी सात दिवसांची रजा मागितली. अर्ज जुन्याच नियमाने गेला, कारण नवा नियम अजून छाननीत होता. शलाकेला राजाची पेटी आठवली, ती दरबारापर्यंत गेली, आणि पायरीवर थांबली. सभेचा निर्णय नऊ दिवसांवर होता. नऊ दिवस म्हणजे काहीच नाही, असे तिने स्वतःला सांगितले, आणि ती परत फिरली.

निर्णयाच्या आदल्या दिवशी सकाळी गोमती वारली. रखवालदारणीने शलाकेला कोठडीत नेले. रजा आलीच नव्हती, म्हणून खुंटीला काही नव्हते. आईची सावली आईजवळच होती, कडेने विरलेली.

शलाकेने आईला घाटावर नेले. दुसऱ्या दिवशी ती सभेत आली, ओल्या केसांनी, आणि तिच्यामागून चारशे बारा पिंजरे आले. भिवा कुंभार आला. तुळसाही आली आणि भिंतीशी उभी राहिली.

राजाने विचारले, "काय म्हणायचे आहे?"

"मला काही म्हणायचे नाही," शलाका म्हणाली. "यांना म्हणायचे आहे."

मग साळुंक्या एकेक करून बोलल्या. त्यांना कुणी मधे थांबवले नाही. पानाचा डबा मिटलेलाच राहिला. चोर बोलला, खोट्या साक्षीने अडकलेली बाई बोलली, खून करून पंचवीस वर्षे रोज त्या मेलेल्याचे नाव घेणारा म्हातारा बोलला. मग एक साळुंकी मेलेल्या माणसाच्या आवाजात बोलली, "मला एक दिवस द्या. मुलीचं लग्न आहे. मांडवात जाणार नाही, रस्त्याच्या पलीकडून बघेन आणि परत येईन."

सोमदत्त उठून उभे राहिले.

"हा अर्ज मला आठवतो," ते म्हणाले. "बावीस वर्षे झाली. मी 'द्या' म्हणणार होतो. तेवढ्यात जेवणाची वर्दी आली. म्हटले, उद्या बघू." ते पुन्हा बसले. "त्या दिवशी अळूची भाजी होती. तेही आठवते."

कुणी हसले नाही.

शेवटी दोराच्या धाग्याची साळुंकी गोमतीच्या आवाजात बोलली. "मला घाटावर बसवा. नावेत किती माणसं चढली ते मला मोजू द्या."

भिवा पुढे आला. "महाराज, हेच. मीही हेच म्हणालो होतो. कुणी विचारलं असतं तर सोळा वर्षांपूर्वीच म्हणालो असतो."

तुळसा भिंतीशी उभी होती. "माझं म्हणणं अजून तेच आहे," ती म्हणाली. "पण ते ऐकून घेतलंत, एवढं खरं."

हात मोजले. सातांपैकी पाच वर गेले. त्यात सोमदत्तांचा हात सर्वांत आधी वर गेला होता. राजाने पेटीतून मुद्रा काढली, दगडाच्या आणि मांसाच्या बोटांत एकदा घट्ट धरली, आणि सभेच्या मधोमध जमिनीवर ठेवली. ठेवताक्षणी ती जड झाली, इतकी की ती उचलायला पाच जणांचे हात लागावेत. राजाची दोन बोटे दगडाची होती ती पुन्हा बोटे झाली. त्यांना बऱ्याच वर्षांनी थंडी लागली आणि राजाने ती चोळली.

कायदा असा झाला. प्रत्येक अर्ज तीन महिन्यांत ऐकावा. होय किंवा नाही म्हणावे, आणि कारण सांगावे. विचाराधीन हा शब्द अर्जशाळेत कुणी उच्चारू नये. ज्या घरावर घाव पडला त्या घराला आधी विचारावे, आणि ते घर 'सोडू नका' म्हणाले तर तेही तितकेच मांडून ऐकावे. आजारपणाच्या रजेचा निर्णय तीन दिवसांत व्हावा, आणि सावली खुंटीला न टांगता कोरड्या पेटीत घडी करून ठेवावी. अर्ज ऐकणारे नऊ असावेत, दर तीन वर्षांनी बदलावेत, आणि त्यांत शिक्षा भोगून आलेले एक माणूस असावे. एका दालनात एकच साळुंकी टांगावी.

राजाने लेखणी ठेवण्यापूर्वी विचारले, "काही राहिले?"

"एक राहिले," शलाका म्हणाली. तिला मिठाच्या घरातला म्हातारा आठवला. "ज्याची सुटका आहे त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी नाही म्हणू नये. कितीही चांगल्या कारणासाठी. आधी त्याला विचारावे."

"हे कलम कुणी सुचवले म्हणून लिहू?"

"कुणाचे नाव नको," शलाका म्हणाली. "लिहा फक्त."

एका वर्षात दोनशे सहा माणसे घरी गेली. काहींना नाही म्हटले गेले आणि का ते सांगितले गेले. दलदलीतल्या बगळ्याची मान एके दिवशी वळली, आणि तो उडून गेला असे लोक सांगतात. सोमदत्तांनी सभा सोडली. आता ते रोज दुपारी, जेवणाआधी, बंदिशाळेच्या फाटकाशी बसतात आणि रजेवर जाणाऱ्या माणसाला वाटेसाठी पाण्याचा तांब्या देतात.

शलाकेला नऊ जणांच्या सभेत जागा देऊ केली होती. तिने ती घेतली नाही. ती घाटावर बसते. नाव लागली की चढणारी माणसे मोजते आणि तेराव्याला नाही म्हणते. लोक रागावतात, घाई असल्याचे सांगतात. ती ऐकून घेते, आणि तरी नाही म्हणते. जत्रेच्या दिवशी भिवा तिच्याशेजारी येऊन बसतो आणि घाटावरच्या पोरांना उथळ पाण्यात हात मारायला शिकवतो.

साळुंकी तिच्या खांद्यावरच असते. पिंजरा कधीच काढून टाकला, पण ती उडून गेली नाही. सभेतल्या त्या दिवसानंतर तिने गोमतीचा अर्ज पुन्हा म्हटला नाही. शलाकेने पुष्कळदा विनवले. साळुंकी मान वाकडी करते, नदीकडे पाहते, आणि शलाकेच्याच आवाजात, घाईघाईने, म्हणते,

"थोडं थांब, आई."

कहाणी इथे थांबते. ज्यांच्यापर्यंत दया वेळेवर पोचली त्यांचे भले झाले. ज्यांच्यापर्यंत उशिरा पोचली त्यांची नावे घेऊन हात जोडावेत, आणि आज कुणाला काही विचारायचे राहिले असेल, तर उठून विचारून यावे.